बर्नी शहर विरुद्ध फ्लोरेस

बर्नी शहर विरुद्ध फ्लोरेस हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून १९९७ रोजी निकाली काढलेला खटला आहे. स्थानिक बांधकाम-नियम आणि धर्मस्वातंत्र्य यांतील संघर्ष हा त्याचा विषय होता.

पार्श्वभूमी

टेक्सास राज्यातील बर्नी येथील सेंट पीटर कॅथलिक चर्चची इमारत १९२३ साली बांधलेली असून तीत सुमारे २३० जणांची सोय होती. रविवारच्या काही प्रार्थनांना ४० ते ६० भाविकांना जागा मिळत नसे. सॅन अँटोनियोचे आर्चबिशप पॅट्रिक फ्लोरेस यांनी विस्तारासाठी परवाना मागितला; परंतु इमारत ऐतिहासिक क्षेत्रात मोडते, या कारणावरून शहराने तो नाकारला. फ्लोरेस यांनी १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायद्याचा आधार घेतला. या कायद्यानुसार धर्माचरणावर मोठा भार टाकणारा नियम केवळ अत्यंत निकडीच्या शासकीय हितासाठी व कमीत कमी निर्बंधांनिशीच लागू करता येत असे.

निकाल

न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. १४ व्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला हक्कांच्या अंमलबजावणीचा अधिकार दिला आहे, त्यांचा आशय बदलण्याचा नव्हे, असे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बहुमताच्या निकालपत्रात म्हटले. त्यामुळे राज्ये व स्थानिक शासनसंस्थांपुरता हा कायदा घटनाबाह्य ठरला.

परिणाम

पुढे जुन्या इमारतीचा बहुतांश भाग राखून विस्तार करण्यावर दोन्ही पक्षांत तडजोड झाली. २००० साली काँग्रेसने धार्मिक संस्थांच्या भूवापराविषयी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार प्रार्थनास्थळांना धर्मेतर सभास्थानांपेक्षा कमी दर्जाची वागणूक देता येत नाही. वाहतूक, वाहनतळ किंवा गोंगाट यांबाबत शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारींवरून परवाना नाकारल्यास तो निर्णयही या कायद्याच्या कसोटीवर तपासला जाऊ शकतो.