कढीपत्त्यावरच्या मुंग्या आणि एक चमचा बोरॅक्स

आज बागेतल्या मुंग्यांबद्दल बोलू या.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आमच्या घरामागे लिंबाचं झाड आहे आणि शेजारी कुंडीत कढीपत्ता. गेल्या वर्षी कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर मुंग्यांची रांग लागली. पानं खात नाहीत ना, मग असू देत, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. नंतर जवळून पाहिलं तर शेंड्यांवर बारीक पिवळसर पिल्लं दिसली, पांढरे मेणासारखे धागे सोडणारी. ही सिट्रस सिला. नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांच्या चांगल्या ओळखीची कीड.

कढीपत्त्याला तिच्यामुळे रोग होत नाही, पण तिथे वाढलेली सिला लिंबू-संत्र्यांमध्ये ग्रीनिंग हा रोग पसरवू शकते, आणि त्यावर इलाज नाही. सिलाला मारणारी एक चिमुकली गांधीलमाशी पाकिस्तानी पंजाबातून आणून 2011 पासून इथे सोडली जाते. पण सिलाच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि गांधीलमाशीला हुसकावतात. म्हणून मुंग्या आधी हटवायच्या.

या बहुतेक अर्जेंटाइन मुंग्या. एका वारुळात अनेक राण्या असतात. फवारा मारला तर वर दिसणाऱ्या कामकरी मुंग्या मरतात, राण्या खाली सुखरूप! आमिष मात्र कामकरी मुंगी पोटात साठवून नेते आणि तोंडाने राणीला, पिल्लांना भरवते.

आपल्याकडे झुरळांसाठी बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या करतात, ते आठवून मी भरपूर बोरॅक्स घातलं. सकाळी डबीभोवती मेलेल्या मुंग्यांचा खच! मी खूश. चार दिवसांत रांग परत हजर. औषध इतकं कडक होतं, की मुंग्या घरी पोचण्याआधीच मेल्या. इथे कमी तेच गुणकारी.

प्रमाण असं: 2 कप कोमट पाणी, अर्धा कप साखर आणि 1 सपाट टीस्पून बोरॅक्स. बोरॅक्स एक टक्क्याच्या आतच राहतं. सगळं विरघळेपर्यंत ढवळा. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत कापूस ठेवून त्यावर हे पाणी ओता, म्हणजे मुंग्या बुडत नाहीत. डबीला वरच्या बाजूला 3 मिलिमीटरची भोकं पाडा. मुंगी आत जाईल, मधमाशी नाही. डबी रांगेजवळ, सावलीत ठेवा. पाणी आटलं की मिश्रण कडक होतं, म्हणून दर आठवड्याला बदला. जवळपास फवारा मारू नका.

पहिल्या दिवशी डबीवर झुंबड उडेल. उडू द्या! आमच्याकडे रांग विरळ व्हायला तीन आठवडे लागले. फांद्या कुंपणाला टेकत असतील तर छाटा. तो त्यांचा पूल असतो. शेजारून मुंग्या पुन्हा येतातच, तेव्हा डबी चालू ठेवा.

टेक्सासकडच्या श्रोत्यांसाठी: तुमच्या लाल फायर अँट तेलकट खाण्यावर जातात, त्यांना हे साखरपाणी चालायचं नाही.

आता काळजीचं. हे विषच आहे. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, मुलं आणि कुत्री पोचणार नाहीत अशी ठेवा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. मातीत ओतू नका. जास्त बोरॉनने झाडं जळतात. कुणाच्या पोटात गेलंच, तर अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा नंबर 1-800-222-1222.

आणि एक विनंती. सिला दिसली तर काउंटीच्या कृषी खात्याला कळवा. क्वारंटाइनच्या भागात राहत असाल, तर घरच्या कढीपत्त्याची डहाळी प्रेमाने कुणाला देऊ नका. जड जातं, मला माहीत आहे. त्याऐवजी त्यांना आपल्याकडे आमटी-भाताला बोलवा!