इंजिन रुसले, तर काय करावे?

पाऊस पडला की गवत वाढते. रानात वाढते, बांधावर वाढते, तसेच बंगल्याच्या अंगणातही वाढते.

पुण्याहून अहिल्यानगरला जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली हे गाव आहे. वाघेश्वराचे देऊळ आहे, तेच हे गाव. पूर्वी इथे चहूकडे शेते होती. आता मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत गेले. इमारतींच्या आवारात हिरवळ असते. लग्नाच्या कार्यालयांपुढेही हिरवळ असते. एवढे गवत विळ्याने कापून कधी पुरे व्हायचे? म्हणून तिथे पेट्रोलचे यंत्र वापरतात. दोरी ओढली की इंजिन सुरू होते, पाते फिरते आणि गवत कापले जाते.

पण हे इंजिन कधी कधी रुसून बसते.

जून महिन्यातली गोष्ट. आमच्या ओळखीचा एक तरुण माळी अशाच एका यंत्राची दोरी ओढत होता. ओढून ओढून घामाघूम झाला होता. खांदा भरून आला होता. काम झाले तरच त्याला दिवसाची मजुरी मिळणार होती. आम्हाला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, मशीन गेलं कामातून. मिस्त्रीकडं न्यावं लागणार. आजचा रोज बुडाला."

आम्ही म्हणालो, "अरे, थांब जरा. घरी चूल पेटली नाही, तर तुम्ही काय करता?"

"लाकूड ओलं आहे का बघतो. फुंकणीनं वारा घालतो. काडी सादळली असली तर दुसरी घेतो."

"मग इथंही तेच बघायचं!"

खरेच, इंजिन म्हणजे एक बंद चूलच आहे. चुलीला तीन गोष्टी लागतात : सरपण, वारा आणि काडी. इंजिनालाही तीनच लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. कार्बोरेटर नावाच्या भागात पेट्रोल आणि हवा एकत्र होतात. इंजिनाच्या पोटात त्या मिश्रणावर दाब पडतो. मग प्लग ठिणगी टाकतो. भडका उडतो आणि दट्ट्या ढकलला जातो. तिघांतले एक जरी चुकले, तरी शंभर वेळा दोरी ओढून उपयोग नाही. म्हणून आधी दोरी सोडावी आणि एकेक गोष्ट तपासावी. सोपे आधी, अवघड नंतर.

हात लावण्याआधी

यंत्र उघडण्याआधी बटण बंद करावे. प्लगवर रबरी टोपी असते. ती ओढून काढावी आणि बाजूला ठेवावी. हे विसरू नये. टोपी तशीच राहिली, तर पाते हाताने फिरवताना इंजिन अचानक पेटू शकते. मग बोटे वाचत नाहीत. इंजिन गरम असताना पेट्रोलची टाकी उघडू नये. जवळपास विडी, काडी, दिवा नको.

यंत्र कलते करायचे असेल, तर हवेची जाळी वरच्या बाजूला राहील असे करावे. जाळी खाली गेली, तर तेल आणि पेट्रोल तिच्यात उतरते आणि नवेच दुखणे सुरू होते.

पहिली गोष्ट : पेट्रोल

टाकीत पेट्रोल आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? हसू नका. पुष्कळ वेळा दुखणे एवढेच असते.

मग पेट्रोल किती दिवसांचे आहे ते आठवावे. पेट्रोल शिळे होते, बरे का! महिन्याभराहून अधिक राहिलेल्या पेट्रोलवर भरवसा ठेवू नये. त्यातला लवकर पेट घेणारा भाग उडून जातो. मागे चिकट गाळ राहतो. आणखी एक कारण आहे. २०२५ सालापासून आपल्या देशातल्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. हे इथेनॉल उसापासून आणि धान्यापासून बनते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाला बसते. इंजिनाला आधी तळाचेच मिळते. ओले सरपण पेटेल कसे? काही जुन्या यंत्रांना इतके इथेनॉल मानवतही नाही. ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे.

शिळे पेट्रोल डब्यात काढावे. ते मातीत किंवा गटारात ओतू नये. विहिरीचे पाणी नासते. कार्बोरेटरच्या खाली लहानशी वाटी असते. बऱ्याच यंत्रांत तिला तळाशी एक स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतला गाळही काढावा. मग ताजे पेट्रोल भरावे.

इंजिन सुरू होते आणि थोड्या वेळाने बंद पडते, असे होते का? मग टाकीचे झाकण पाहावे. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असते. ते बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण जरा सैल करून पाहावे. इंजिन चालले, तर दोष तिथेच आहे. मग भोक साफ करावे.

दुसरी गोष्ट : हवा

इंजिनाच्या तोंडाशी हवेची जाळी असते. तिला एअर फिल्टर म्हणतात. वाघोलीच्या दगडखाणी सगळ्यांना माहीत आहेत. खडीची धूळ, रस्त्याची धूळ, गवताचा भुसा, सारे या जाळीत अडकते. जाळी कागदी असेल तर हलकेच झटकावी, धुऊ नये. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी. मग पुस्तिकेत सांगितले असेल तसे थोडे तेल लावून पिळावी. जाळी काढून यंत्र कधीच चालवू नये. दगडाची धूळ आत गेली की इंजिन आतून घासले जाते.

हवेचाच दुसरा भाग म्हणजे चोक. इंजिन थंड असते तेव्हा त्याला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. चोक लावला की हवा कमी होते. इंजिन सुरू झाले की चोक हळूहळू काढावा. गरम इंजिनाला चोक लावू नये.

तिसरी गोष्ट : ठिणगी

इंजिन थंड झाल्यावर प्लग-पान्याने प्लग काढावा. प्लग पाहिला की इंजिनाची नाडी कळते.

प्लग ओला असेल, तर पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. चोक लावून फार वेळ दोरी ओढली की असे होते. प्लग पुसून वाळवावा. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग चोक न लावता दोरी ओढावी.

प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल पोचतच नाही. पुन्हा कॉक, नळी आणि कार्बोरेटरची वाटी पाहावी.

प्लगवर काळी काजळी असेल, तर बहुधा हवा कमी पडते आहे. जाळी साफ करावी. प्लग तारेच्या ब्रशने घासावा. प्लगच्या दोन टोकांत बारीक फट असते. बऱ्याच यंत्रांत ती ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. प्लग परत बसवताना आधी हाताने फिरवावा, मग पान्याने आवळावा. नाहीतर आटे जातात.

प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याचा खेळ मात्र करू नये. जवळ पेट्रोलची वाफ असते. ते काम मिस्त्रीवर सोडावे.

जुन्या मंडळींना विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवत असेल. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना १९४६ सालची. तिची इंजिने कितीतरी विहिरींवर धडधडली. त्या इंजिनात प्लग शोधू नका. तिथे दाबाने हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते.

तेलाचे ध्यान ठेवा

काही यंत्रांत तेल वेगळे भरतात. काहींत ते पेट्रोलमध्येच मिसळतात. खांद्याला अडकवायची पुष्कळ यंत्रे दुसऱ्या जातीची असतात. तेल किती मिसळायचे ते पुस्तिकेत असते. अंदाजाने मिसळू नये. कमी पडले तर इंजिन जळते, जास्त झाले तर प्लग काळा पडतो.

मिस्त्रीकडे केव्हा जावे?

दोरी अगदी हलकी लागते, दाब जाणवत नाही; दोरी अडकते; किंवा पाते दगडावर आपटल्यापासून इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी आपण खटपट करू नये. सरळ मिस्त्रीकडे जावे. पण जाताना काय काय तपासले ते सांगावे. त्याचा वेळ वाचतो, आपला पैसा वाचतो.

आता त्या माळ्याचे काय झाले? त्याने प्लग काढला. तो कोरडा होता. आम्ही विचारले, "पेट्रोल कधीचं आहे?" तो डोके खाजवत म्हणाला, "दिवाळीच्या आधीचं असंल." टाकी रिकामी केली. वाटीतून चिकट, पिवळा गाळ निघाला. ताजे पेट्रोल घातले. प्लग बसवला, टोपी लावली, चोक लावला. दोरी आधी सावकाश, दाब लागेपर्यंत ओढली, मग एकदम. चौथ्या खेपेला इंजिन धडधडू लागले. त्या दिवसाचा रोज बुडाला नाही.

तो साक्षरतेच्या वर्गाला येतो. आम्ही त्याला खडू दिला. पेट्रोलच्या डब्यावर त्याने स्वतःच्या हाताने तारीख लिहिली. आता प्रत्येक वेळी लिहितो. हंगाम संपला की टाकी रिकामी करतो आणि उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच यंत्र ठेवतो.

तुम्हीही आता अक्षरे जुळवू लागला आहात. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका कपाटात टाकू नका. रोज अर्धे पान वाचा. अडले तर कोणाला विचारा. आणि आजच आपल्या डब्यावर तारीख लिहा.