खेळाडूलाही सुनावणीचा हक्क आहे!

सरकारी कार्यालयातील शिपायाला नोकरीतून काढायचे तरी आधी दोषारोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. संविधानाच्या कलम 311 चे हे संरक्षण आहे. मात्र देशासाठी घाम गाळणाऱ्या खेळाडूचे आयुष्य क्रीडा संघटनेच्या एका बैठकीत संपविता येते. हा कुठला न्याय?

क्रीडा संघटना या बहुधा खाजगी नोंदणीकृत संस्था. 2005 साली झी टेलिफिल्म्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी क्रिकेट नियामक मंडळ हे कलम 12 खालील 'राज्य' नाही, असे ठरविले. मनमानीविरुद्ध कलम 226 खाली उच्च न्यायालयाचे दार तेवढे उघडे राहिले. पण ते ठोठावायला पैसा लागतो, वेळ लागतो. आणि खेळाडूजवळ वेळच तर नसतो!

मोहम्मद अझरुद्दीनवर मंडळाने डिसेंबर 2000 मध्ये आजीवन बंदी घातली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली नोव्हेंबर 2012 मध्ये. तोवर तो 49 वर्षांचा झाला होता. एस. श्रीशांतवर 2013 मध्ये आजीवन बंदी आली. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण शिक्षा रद्द केली. कारण शिक्षा ठरविताना मंडळाने स्वतःच्याच नियमावलीतील, शिक्षा कमी-अधिक करणाऱ्या बाबी पाहिल्या नव्हत्या. पुढे लोकपालांनी बंदी सात वर्षांवर आणली. दोषी माणसालाही प्रमाणशीर शिक्षेचा हक्क असतो, हा त्यातील धडा.

हे दोघे वकील लावू शकले. शांती सौंदराजनचे काय? तामिळनाडूतील वीटभट्टी मजुरांची ही दलित मुलगी. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटर धावण्यात तिने रौप्यपदक जिंकले. तिने कुठलाही गैरप्रकार केला नव्हता. तरी लिंगचाचणीच्या नावाखाली पदक हिरावले गेले आणि कारकीर्द संपली. तिची बाजू कोणी ऐकली? अशाच प्रश्नावर ओडिशाची द्युती चंद क्रीडा लवादापर्यंत जाऊ शकली आणि जुलै 2015 मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. दोष दोघींचाही नव्हता. एकीला सुनावणी मिळाली, दुसरीला नाही.

काहीजण विचारतील, महिला खेळाडूंचे शोषण करणाऱ्यालाही ही सवलत द्यायची काय? ही सवलत नव्हेच. घाईघाईने, कारणे न देता काढलेला आदेश न्यायालयात कोसळतो, दोषी सुटतो आणि तक्रारदार स्त्री एकटी पडते. योग्य प्रक्रिया तिचेही संरक्षण करते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण गडचिरोलीच्या धावपटूला तिथवर पोहोचविणार कोण? म्हणून लेखी आरोप, पुराव्याच्या प्रती, उत्तराला मुदत, आरोप करणाऱ्यांहून वेगळा निवाडा करणारा, सकारण आदेश, ठरलेल्या मुदतीत अपील आणि गरीब खेळाडूला मोफत वकील, एवढे प्रत्येक संघटनेच्या नियमावलीत सक्तीचे झाले पाहिजे.

कायद्यापुढे समानता हे कलम 14 चे वचन आहे. ते मैदानाच्या कुंपणाशी थांबता कामा नये.