घरगुती इंटरनेट जोडणी : तांब्याची तार की काचतंतू?

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या कडेने असलेल्या तळंदगे, पट्टणकोडोली, कसबा सांगाव अशा गावांतील शेतकऱ्यास एक शंका येणे स्वाभाविक आहे. उसाच्या फडापलीकडे दिसणाऱ्या कारखान्यात इंटरनेट अखंड चालते. मग आपल्या घरी मुलाच्या परीक्षेचा अर्ज भरताना किंवा सातबारा काढताना ते का रखडावे? याचे उत्तर असे की, मोठे कारखाने बहुधा स्वतःपुरता राखून ठेवलेला वेग भारी भाडे देऊन घेतात. घरगुती जोडणी सामाईक असते. सबब वसाहत जवळ आहे म्हणून घरचा वेग चांगलाच असेल, असे गृहीत धरू नये.

तांब्याच्या तारेचा गुणधर्म मातीच्या पाटासारखा आहे. पाटाच्या मुखाशी पाणी भरपूर असते, पण झिरपत झिरपत शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्यास थोडेच येते. बीएसएनएलने जानेवारी 2005 मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली ती टेलिफोनच्या अशाच तारांवरून. या पद्धतीच्या सुधारित प्रकारात टेलिफोन केंद्रालगतच्या घरास सेकंदास 24 मेगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो. पाच किलोमीटरवरील वस्तीस जेमतेम एक-दोन मेगाबिट. 2023 पासून शासनाच्या व्याख्येनुसार दोन मेगाबिटपेक्षा कमी वेगास ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. शिवाय पावसाळ्यात सांध्यांत ओल शिरते आणि जोडणी तुटू लागते.

काचतंतू, ज्यास सर्वजण फायबर म्हणतात, त्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. ही बंद नळातून पाणी नेण्यासारखी व्यवस्था होय. वीस किलोमीटरपर्यंतही घराचा वेग अंतरामुळे घटत नाही. काच वीजवाहक नसल्याने तारेवाटे विजेचा आघात येण्याचा धोकाही पुष्कळ कमी होतो. तथापि नळ बंद असला तरी तो एकट्याचा नसतो. सर्वसाधारण व्यवस्थेत सुमारे अडीच हजार मेगाबिटचा एक प्रवाह 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. रात्री आठ ते दहा या वेळेत सर्वांनी तोट्या उघडल्या म्हणजे धार बारीक होऊ शकते.

येथे ग्राहकाची फसगत होण्याचा खरा संभव आहे. जाहिरातीत 'फायबर' असे लिहिलेले असते, परंतु काच कोठपर्यंत येते हे लिहिलेले नसते. काही ठिकाणी ती चौकातील खांबापर्यंतच येते आणि तेथून घरापर्यंत तांब्याची साधी केबल ओढतात. अशी केबल शंभर मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. 'एअर फायबर' या नावाने 2023 पासून मिळणाऱ्या सेवेत तर घरापर्यंत तार येतच नाही. छतावरील यंत्र मोबाईल मनोऱ्याकडून लहरी घेते. मनोरा जवळ असल्यास ती वाईट नाही, पण तिला काचतंतू समजून पैसे भरू नयेत. तसेच 2011 मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतील तार मुख्यतः ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची होती. ती आपल्या गावी चालू आहे काय आणि तेथून घरगुती जोडणी कोण देतो, हे ग्रामसेवकांनी पाहून ठेवावे.

काचतंतूचे दोषही सांगितले पाहिजेत. जुन्या टेलिफोनला केंद्राकडून वीज मिळे. काचतंतूचे घरातील यंत्र मात्र घरच्या विजेवर चालते. भारनियमनात त्यास लहान बॅटरीची जोड हवी. तार तीव्र कोनात दुमडू नये, खिळ्याने दाबू नये. यंत्रावरील 'लॉस' हा दिवा लाल लुकलुकू लागल्यास प्रकाश येत नाही असे समजून तक्रार नोंदवावी. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपायकारक असतो. पाईपलाईनसाठी किंवा महामार्गाच्या कामासाठी चर खणताना यंत्राने केबल तुटते, आणि काच सांधण्यास विशेष उपकरण व जाणता माणूस लागतो.

म्हणून बीएसएनएल, जिओ, एअरटेल किंवा गावचा केबलचालक यांत निवड करताना आमच्या मते वेगाच्या आकड्यापेक्षा दुरुस्तीची चौकशी आधी करावी. त्याच गल्लीतील दोन घरी जाऊन मागील पावसाळ्यात जोडणी किती दिवस बंद होती ते विचारावे, आणि रात्री नऊच्या सुमारास वेग मोजावा. तोही यंत्राशेजारी बसून. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाईट, शंभर नव्हे. छापील दर 500 रुपये असल्यास 18 टक्के कर धरून 590 द्यावे लागतात. ठरावीक वापरानंतर वेग किती उरतो आणि यंत्राची अनामत परत मिळते काय, हे लेखी घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट मिळते खरी, पण पहिला महिना, व शक्य तर पहिला पाऊस, पाहिल्याखेरीज ती घेऊ नये.