सूर डोंगरावरून डोंगरावर

युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा खरी, पण तिचा जन्म टेलिव्हिजनच्या एका अडचणीतून झाला. ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हापासून त्या स्पर्धेकडे मी निराळ्याच कुतूहलाने पाहतो.

१९५०च्या दशकाची सुरुवात. उपग्रह अजून आकाशात गेलेले नाहीत. टीव्हीचं चित्र लांब न्यायचं तर सूक्ष्मलहरींवर स्वार करून न्यावं लागे, आणि या लहरी धावतात सरळ रेषेत. मध्ये डोंगर आला की खेळ संपला. म्हणून अभियंत्यांनी डोंगरांच्याच माथ्यावर मनोरे बसवले. एकाने चित्र पकडायचं, ताकद वाढवून दुसऱ्याकडे फेकायचं. इटली आणि उत्तर युरोप यांच्यामध्ये तर आल्प्स उभा. तिथे युंगफ्राउयोखच्या बर्फाळ कड्यावर, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच, प्रक्षेपणाचं ठाणं उभारलं गेलं. एवढं करूनही दुखणं संपत नव्हतं, कारण ब्रिटनचं चित्र ४०५ रेघांचं, फ्रान्सचं ८१९, आणि बाकी बहुतेकांचं ६२५. एकाचं चित्र दुसऱ्याच्या संचावर उमटणार कसं? त्यावरचा तोडगा साधा आणि विलक्षण होता. एका देशाचं चित्र पडद्यावर दाखवायचं, आणि त्या पडद्यासमोर दुसऱ्या देशाच्या पद्धतीचा कॅमेरा लावायचा! १९५३मध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक फ्रान्स, नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या लोकांनी घरबसल्या पाहिला तो याच युक्तीने.

जाळं तयार झालं. आता त्यावर दाखवायचं काय? युरोपीय प्रसारण संघातले स्विस अधिकारी मार्सेल बेझाँसाँ यांच्या मनात इटलीतल्या सानरेमो संगीत महोत्सवाचा नमुना होता. तसंच काहीतरी सगळ्या देशांनी मिळून करावं, एकाच वेळी, थेट प्रक्षेपणात, अशी कल्पना पुढे आली. २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरातल्या कुर्साल नाट्यगृहात पहिली स्पर्धा झाली. सात देश आणि प्रत्येकाची दोन गाणी. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्या रस्त्यांवरून ज्या देशाचं सैन्य फिरलं होतं, त्याच जर्मनीचे गायक आता त्यांच्याच रांगेत उभे होते. यजमानांची लिस आसिया जिंकली. त्या रात्रीचं चित्रण जवळजवळ नाहीसं झालं आहे. विजयानंतर तिने पुन्हा गायलेलं गाणं तेवढं पाहता येतं, बाकीचं फक्त ऐकायला मिळतं. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा अजून सोळा वर्षं होती.

पहिल्या वर्षी मतदान बंद दाराआड झालं. पुढच्या वर्षी फ्रँकफर्टमध्ये प्रत्येक देशाच्या परीक्षकांना फोन लावला गेला आणि गुण सगळ्यांसमोर फलकावर चढू लागले. माझ्या मते युरोव्हिजन खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथे. गाणी संपलेली असतात, गायकांच्या हातात काही उरलेलं नसतं, आणि एकेका राजधानीतून आकडे येत राहतात. निवडणुकीची मतमोजणी रात्रभर पाहणाऱ्या माणसाला ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही. नियम मात्र ठेचा खात घडले. १९५७मध्येच इटलीचं गाणं पाच मिनिटांपुढे गेलं, तेव्हापासून तीन मिनिटांची मर्यादा कडक झाली. १९६९ साली माद्रिदमध्ये स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना अठरा-अठरा गुण मिळाले, आणि बरोबरी फोडण्याचा नियमच नव्हता. चौघेही विजेते! नाराज होऊन पुढच्या वर्षी काही देश आलेच नाहीत. आज प्रसिद्ध असलेली बारा, दहा, आणि मग आठपासून एकपर्यंत उतरणारी गुणांची पद्धत १९७५मध्ये आली.

त्याच्या आदल्या वर्षी, ६ एप्रिल १९७४ रोजी, ब्रायटनमध्ये स्वीडनच्या 'आबा'ने 'वॉटर्लू' गाऊन स्पर्धा जिंकली. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून थक्क करतं ते त्या रात्री तळाला गेलेलं एक गाणं. पोर्तुगालच्या पाउलु द कार्व्हाल्यूला फक्त तीन गुण मिळाले. पोर्तुगालमध्ये तेव्हा जवळपास अर्ध्या शतकाची हुकूमशाही होती, आणि ती उलथवायचा बेत लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी आखला होता. तुकड्यांना तयार राहायचा इशारा द्यायचा कसा? त्यांनी रेडिओ निवडला आणि गाणं निवडलं ते हेच. प्रेम संपल्यानंतरच्या निरोपाचं, रोज कानावर पडणारं, कुणाला जराही संशय येणार नाही असं. २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना लिस्बनच्या एका केंद्रावरून ते वाजलं. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या एका गाण्याने पक्का हुकूम दिला, आणि दुसऱ्या दिवशी राजवट कोसळली. ब्रायटनला जाऊन अजून तीन आठवडेही झाले नव्हते.

असाच काटा पुन्हा अंगावर येतो तो १९९३मध्ये. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या मिलस्ट्रीट या अगदी लहान गावात त्या वर्षी स्पर्धा होती, आणि बोस्निया-हर्झगोव्हिना प्रथमच स्वतंत्र देश म्हणून गात होता. त्याची राजधानी सारायेव्हो तेव्हा युद्धाच्या वेढ्यात होती. गायकांचा चमू तोफांच्या माऱ्यातून शहराबाहेर पडून आलेला. गुण द्यायची त्यांची पाळी आली आणि फोनवर आवाज आला, खरखरणारा, तुटणारा, पण आला. गुण काय मिळताहेत हे कळायच्या आधीच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सूक्ष्मलहरी, मनोरे, फोनच्या तारा हा सगळा खटाटोप कशासाठी होता हे त्या काही सेकंदांत दिसतं, असं मला मनापासून वाटतं.

नंतर बदल झपाट्याने झाले. १९९७मध्ये पाच देशांत प्रेक्षकांनी फोनवरून मतं दिली आणि पुढच्या वर्षापासून तेच रूढ झालं. १९९९मध्ये रंगमंचावरचा वाद्यवृंद गेला, कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा आली. २०१५पासून तर ऑस्ट्रेलियाही गातो. २०२२मध्ये युक्रेन जिंकला, पण युद्धामुळे तिथे स्पर्धा भरवता येईना, म्हणून पुढच्या वर्षी त्याच्या वतीने लिव्हरपूलने यजमानपद घेतलं.

त्याच २०२३मध्ये आणखी एक दार उघडलं. स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांनाही थोडे पैसे भरून ऑनलाइन मत देता येऊ लागलं. या सगळ्यांची मतं एकत्र करून त्यांना एका देशाइतकं वजन मिळतं. म्हणजे पुण्यात किंवा मडगावात बसूनही बारा गुणांना हातभार लावता येतो. फक्त जागायची तयारी हवी, कारण मध्य युरोपात रात्रीचे नऊ वाजून अंतिम फेरी सुरू होते तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात.