भेरली माड : आयुष्याच्या अखेरीस फुलणारा वृक्ष

कोकणात माड म्हटले की नारळच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु सह्याद्रीच्या रानात, कोणी न लावता वाढणारा आणखी एक माड आहे. तो म्हणजे भेरली माड, अर्थात सुरमाड होय. नारळ, पोफळी व ताड यांच्याच कुलातील या वृक्षास कार्ल लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ‘कॅरिओटा यूरेन्स’ हे नाव दिले.

पश्चिम घाटातील व श्रीलंकेतील दमट, भरपूर पावसाची सदाहरित व निमसदाहरित वने हे त्याचे माहेर. कोकणात तो देवरायांतूनही आढळतो. खोड सरळ, शाखाहीन, साधारणतः १२ ते २० मीटर उंच असून त्यावर गळलेल्या पानांची वलये दिसतात. नारळाचे पान एकदाच विभागलेले असते, भेरलीचे दोनदा. दलांचा आकार माशाच्या शेपटीसारखा असल्याने हा वृक्ष दुरूनही ओळखता येतो.

त्याचा जीवनक्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अनेक वर्षे तो खोडात पिष्टाचा साठा करतो. पूर्ण वाढ झाल्यावर पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो व त्यानंतरचे क्रमाने खाली येत जातात. काही वर्षांनी सर्वांत खालच्या घोसाची फळे पिकली की वृक्ष मरतो. बुंध्यापासून नवा फुटवा येत नाही. वंश केवळ बियांवरच चालतो.

फळांच्या गरातील सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांमुळे माणसाच्या त्वचेस खाज सुटते. ‘यूरेन्स’ म्हणजे दाह करणारा, हे नाव त्यावरूनच पडले. उदमांजर व धनेश मात्र ही फळे आवडीने खातात आणि बिया रानभर पसरवतात.

सजावटीसाठी घोस तोडल्यास अथवा पिष्टासाठी खोड पाडल्यास त्या वृक्षाची पुढील पिढीच खुंटते. म्हणून शेवटचा घोस पिकेपर्यंत वृक्ष राखणे, हाच त्याच्या संवर्धनाचा सोपा मार्ग होय. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या ग्रामपातळीवरील समित्यांनी आपल्या नोंदवहीत गावातील भेरली माडांची नोंद घ्यावी. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना हा वृक्ष प्रत्यक्ष दाखवावा. ज्याची ओळख आहे, त्याचीच राखण होते.