कागल ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी गेलेले आप्त आज आपल्या अनेक कुटुंबांत आहेत. घरी कुणाचे निधन झाले की पहिला प्रश्न उभा राहतो : मुलगा केव्हा पोहोचेल? उत्तर बहुधा केवळ विमानाच्या तासांवरून दिले जाते आणि हिशेब चुकतो. म्हणून कागल आणि लंडन यांचे उदाहरण घेऊन आपण तो समजून घेऊ.

हा मार्ग आपल्या परिसराला नवा नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यावर अंत्यसंस्कारही तेथेच, आर्नो नदीच्या काठी झाले. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड यांच्या राज्यारोहणानिमित्त लंडनला गेले, तेही बोटीने. त्या काळी हा प्रवास आठवड्यांत मोजला जाई.

आज मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वी गोल असल्याने हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजता येत नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने ते आठ तासांत कापले जावे. परंतु उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना सुमारे दहा, तर येताना सुमारे नऊ तास लागतात. एखाद्या देशाचे आकाश बंद झाल्यास वळसा वाढतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा हा अनुभव आला.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. तिकिटावर नेहमी त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत साडेचार तास. त्यामुळे हिवाळ्यात जाताना दहा तासांचा प्रवास तिकिटावर साडेचार तासांचा भासतो आणि येताना नऊ तासांचा साडेचौदा तासांचा!

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडू. हिवाळ्यातील सोमवारी मुलगा लंडनमधील घरून पहाटे ५ वाजता निघाला, तेव्हा कागलला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. १० वाजता सुटलेले विमान मुंबईस आपल्या वेळेनुसार रात्री साडेबाराला उतरते. पारपत्राची तपासणी व सामान यांत दीड तास जातो. रात्री दोनला निघालेली गाडी सुमारे ४०० किलोमीटर अंतर आठ तासांत कापून मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास कागलला येते. विमानाचे तास नऊ, पण प्रवास साडेतेवीस तासांचा! उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारे विमान वेळेत जुळले तर रस्त्याचे काही तास वाचतात. पण ते जुळेलच असे धरून चालू नये.

यास्तव धर्मगुरूंशी बोलून दफनविधीची वेळ ठरविताना, तिकीट हाती आल्यानंतरच घरापासून घरापर्यंतचे तास मोजावेत आणि विलंबासाठी आणखी काही तास राखावेत. वरील उदाहरणात मंगळवारी सकाळऐवजी दुपारी चारची वेळ ठेवली, तर मुलाला अखेरचे दर्शन घडेल आणि जमलेल्या आप्तेष्टांनाही ताटकळावे लागणार नाही.